पासवर्ड नसलेलं अ‍ॅडमिन खातं: आडत दुकानातल्या चार कॉम्प्युटरांचं काय करायचं?

प्रश्न लातूरच्या एका आडत दुकानातून आला आहे. थोडक्यात तो असा:

"आमच्याकडे चार कॉम्प्युटर आहेत. मागच्या खोलीतल्या विंडोज 10 वर टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, सगळा डेटा. मुनीमकाकांच्या टेबलावर दुसरा विंडोज 10, काउंटरवर यंदा घेतलेला विंडोज 11 प्रो, या दोन्हींवरून तोच डेटा उघडतो. चौथा विंडोज 7, तो इलेक्ट्रॉनिक काट्याला जोडलेला. चारही ठिकाणी खातं एकच, 'अ‍ॅडमिन', आणि पासवर्ड नाही. बटण दाबलं की थेट डेस्कटॉप. सीए म्हणतात, हे धोक्याचं आहे, आजच पासवर्ड टाका. कॉम्प्युटरवाले म्हणतात, 'मालक, पासवर्ड टाकला की शेअरिंग बंद पडायलंय, राहू द्या तसंच.' मुनीमकाका साठीच्या पुढचे, त्यांना रोज पासवर्ड आठवणार कसा हेही आहेच. कुणाचं ऐकू?"

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. धोक्याबद्दल सीए बरोबर आहेत, पण नुसता पासवर्ड टाकून तो जाणार नाही. आणि कॉम्प्युटरवाले खोटं बोलत नाहीत. त्यांनी शेअरिंग ज्या पद्धतीनं बसवलंय, ते पासवर्ड टाकल्यावर खरंच बंद पडू शकतं. माझ्या मते तुमच्या दुकानातली खरी भानगड तीच आहे. त्यामुळं आधी हे कसं घडलं ते सांगतो, मग काय करायचं ते.

विंडोज एक्सपी 2001 मध्ये आली तेव्हापासून मायक्रोसॉफ्टनं एक नियम घालून ठेवलाय: ज्या स्थानिक खात्याला, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर काढलेल्या खात्याला, पासवर्ड नाही, ते खातं फक्त त्या कॉम्प्युटरसमोर बसूनच वापरता येईल. नेटवर्कवरून नाही, रिमोट डेस्कटॉपवरून नाही. म्हणजे पासवर्ड नसलेल्या खात्यात समोर बसणारा कुणीही शिरू शकतो, पण शेजारच्या कॉम्प्युटरवरून त्याच नावानं आत येऊ पाहणाऱ्याला विंडोज स्वतःच अडवते. यातून एक विचित्र गोष्ट निघते. रिकाम्या पासवर्डाच्या जागी कुणी '1234' किंवा 'लातूर123' टाकला, तर हा नियम त्या खात्यापुरता गळून पडतो आणि खातं नेटवर्कवरून वापरण्याजोगं होतं, तेही पहिल्या पाच-दहा अंदाजांत सापडेल अशा पासवर्डानं. नेटवर्कच्या बाजूनं बघितलं तर कच्चा पासवर्ड हा रिकाम्या पासवर्डापेक्षा वाईट. म्हणूनच 'आजच टाका' या सल्ल्याची मला भीती वाटते. घाईत टाकलेला पासवर्ड बहुतेक वेळा दुकानाचं नाव, मोबाइल नंबर किंवा गाडीचा एमएच 24 वाला नंबर असतो.

आता तुमचं शेअरिंग. ते बसवताना काय झालं असेल, याचा अंदाज बांधता येतो, कारण मोंढ्यामोंढ्यातून हेच दिसतं. पहिल्यांदा मुनीमकाकांच्या कॉम्प्युटरवरून मागच्या खोलीतलं फोल्डर उघडायला गेल्यावर स्क्रीनवर आलं असणार, 'अकाउंट रिस्ट्रिक्शन्स आर प्रिव्हेंटिंग धिस युजर फ्रॉम सायनिंग इन'. हा वर सांगितलेला नियमच बोलतोय. इथं दोन वाटा असतात. खात्याला नीट पासवर्ड द्यायचा, किंवा नियम मोडायचा. बाहेर सोयाबीनच्या गाड्या उभ्या असतात, मालक घाई करत असतो, आणि दुसरी वाट दोन मिनिटांची आहे. नियम मोडायचे प्रकार तीन, आणि ते तुम्ही स्वतः तपासू शकता.

पहिला प्रकार म्हणजे शेअरिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करणं आणि फोल्डरवर 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देणं. हा सगळ्यांत जास्त आढळतो. यात येणारा माणूस गेस्ट म्हणून आत येतो, त्याला कोण म्हणून विचारलंच जात नाही. दुकानाचा वायफाय पासवर्ड येणाऱ्या व्यापाऱ्याला, दलालाला, ट्रकच्या ड्रायव्हरला दिलेला असतो. त्यातल्या कुणाच्याही मोबाइलवरून तुमचं टॅलीचं फोल्डर उघडता येतं, पुसताही येतं. पासवर्ड नसलेल्या खात्याशी याचा थेट संबंधही नाही. उद्या तुम्ही चारही खात्यांना पक्के पासवर्ड टाकले तरी हे दार तसंच उघडं राहील.

दुसरा प्रकार: तो मूळ नियमच बंद करणं. विंडोज प्रो असेल तर 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' उघडा, त्यात 'लोकल पॉलिसीज', मग 'सिक्युरिटी ऑप्शन्स'. तिथं एक ओळ आहे: 'अकाउंट्स: लिमिट लोकल अकाउंट यूज ऑफ ब्लँक पासवर्ड्स टू कन्सोल लॉगऑन ओन्ली'. ती 'एनेबल्ड' असली पाहिजे. 'डिसेबल्ड' दिसली तर कुणीतरी हात लावलाय. होम आवृत्तीत ही खिडकी नसते. तिथं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, 'एलएसए' या कप्प्यात 'लिमिटब्लँकपासवर्डयूज' ही नोंद बघा, किंमत 1 हवी. 0 असेल तर तुमच्या पासवर्ड नसलेल्या अ‍ॅडमिन खात्यानं नेटवर्कवरून कुणीही आत येऊ शकतो. तिन्ही प्रकारांत हा सगळ्यांत घातक.

तिसरा नवा आहे आणि तुमच्या काउंटरवरच्या विंडोज 11 वर असण्याची शक्यता मोठी. 24एच2 या आवृत्तीपासून विंडोज 11 प्रो गेस्ट म्हणून नेटवर्कवरचं फोल्डर उघडायला मुळातच नकार देते, आणि नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीला डिजिटल सही लागते असंही धरून चालते. गेस्टला अशी सही करताच येत नाही. म्हणून नवा कॉम्प्युटर आणला की 'जुन्यावर उघडतंय, नव्यावर उघडेना' ही तक्रार सुरू होते, आणि 'युवर ऑर्गनायझेशन्स सिक्युरिटी पॉलिसीज ब्लॉक अनऑथेंटिकेटेड गेस्ट अ‍ॅक्सेस' असा मजकूर येतो. उपाय म्हणून यूट्यूबवर बघून ही दोन्ही बंधनं सैल केली जातात. म्हणजे चारांतला सगळ्यांत नवा, सगळ्यांत सुरक्षित कॉम्प्युटर सगळ्यांत जुन्याच्या पातळीवर आणून ठेवायचा. जाता जाता 'विंडोज फीचर्स'मध्ये 'एसएमबी 1.0', म्हणजे फोल्डर शेअर करायची जुनी पद्धत, चालू आहे का तेही बघा. असेल तर बंद करा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो याच जुन्या रस्त्यानं. विंडोज 7 ला त्याची गरज नाही, एक्सपीला होती.

हे झालं नेटवर्कचं. आता खुर्चीसमोरचं.

सगळे दिवसभर अ‍ॅडमिन म्हणून काम करतात, हा पासवर्ड नसण्यापेक्षा मोठा दोष आहे. काउंटरवरच्या पोरानं व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' फाइल उघडली तर ती अ‍ॅडमिनच्या खात्यातून चालू होते. विस्टापासून विंडोज मधे थांबून विचारते, 'डू यू वॉन्ट टू अलाउ', पण अ‍ॅडमिन खात्यात त्यावर फक्त 'येस' दाबायचं असतं, आणि ते दाबायची सवय सगळ्यांच्या बोटांना झालेली असते. साध्या खात्यात, म्हणजे 'स्टँडर्ड युजर'मध्ये, त्याच ठिकाणी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. इथं एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही त्या पोरासाठी साधं खातं काढलं, पण अ‍ॅडमिन खातं रिकामंच ठेवलं, तर ती पासवर्डाची चौकट नुसता 'येस' दाबून ओलांडता येते. गोदामाला कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवून ठेवल्यासारखं. हीच गत ब्राउझरची. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड बघायला गेलं की विंडोजचा पासवर्ड विचारला जातो; तोच रिकामा असेल तर तो अडसरही राहत नाही.

त्याहून वाईट एक अवस्था असते. असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर दुकानदार तयार 'घोस्ट' कॉपी ओतून देतात, आणि तिच्यात विंडोजचं स्वतःचं, जन्मजात 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खातं चालू असतं. विस्टापासून हे खातं मुळात बंद येतं. ते चालू करून त्यातच काम केलं, तर मूळ सेटिंगमध्ये 'येस-नो'सुद्धा विचारलं जात नाही; जे चालेल ते पूर्ण अधिकारानं चालतं. तुमच्या चारपैकी कुठल्या मशीनवर असं आहे का ते नावावरून ठरवू नका, नाव बदललेलं असू शकतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'हूअ‍ॅमआय', मग एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि 'युजर' असं रोमन लिपीत टाइप करा. येणाऱ्या लांबलचक ओळख क्रमांकाच्या शेवटी 500 असेल तर तुम्ही त्या जन्मजात खात्यात बसला आहात. या खात्याचं नाव बदलल्यानं चोर फसतो असं अनेकजण मानतात. फसत नाही, कारण 500 बदलत नाही.

आता कामाला लागू. यात क्रम महत्त्वाचा आहे. क्रम चुकला तर कॉम्प्युटरवाल्याचं भाकीत खरं ठरेल आणि पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पावत्या, निघायच्या थांबतील. रविवारी करा. सोयाबीनची आवक जोरात असते त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर हात लावूच नका. वेळ अमावस्येला बाजार बंद असतो हे खरं, पण त्या दिवशी तुम्हीही शेतातच असाल. सुरुवातीलाच टॅलीचा बॅकअप एका पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, तो उघडून बघा, आणि ती वस्तू कॉम्प्युटरपासून सोडवून तिजोरीत ठेवा.

मग प्रत्येक मशीनवर मालकाचं असं एक नवं अ‍ॅडमिन खातं काढा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, 'अ‍ॅड अकाउंट'. तिथं ईमेल मागेल. 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि पुढच्या पानावर 'अ‍ॅड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट' निवडा. विंडोज 7 वर हेच काम कंट्रोल पॅनेलच्या 'युजर अकाउंट्स'मधून होतं. पासवर्ड टाका, खात्याचा प्रकार 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा. विंडोज 10 आणि 11 वर तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातील. तुमची पहिली शाळा कोणती हे अख्ख्या गंजगोलाईच्या बाजारपेठेला माहीत आहे, तेव्हा उत्तरं खरी देऊ नका. काहीतरी असंबद्ध लिहा आणि पासवर्डासोबतच नोंदवून ठेवा.

या पासवर्डाबद्दल दोन शब्द. चिन्हं आणि मोठी-लहान अक्षरं यांच्या मागे लागण्यापेक्षा लांबी बघा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत, मधे एखादा आकडा, एवढं पुरतं. दर महिन्याला बदलायचीही गरज नाही. अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणसंस्थेनं 2017 मध्येच ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावण्याची अट सोडून द्या असं सांगितलं, आणि 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टनंही ती आपल्या शिफारशींतून काढली. कुणाला कळला अशी शंका आली की मात्र लगेच बदला. चारही मशीनचे पासवर्ड वेगवेगळे ठेवा, म्हणजे एक गेला तर बाकीचे तिघे जात नाहीत. आणि हे चार पासवर्ड खुशाल कागदावर लिहा. पाकिटात घाला, तिजोरीत ठेवा. दुकानाच्या तिजोरीपर्यंत पोचलेल्या चोराला तुमच्या विंडोजमध्ये रस नसतो.

पासवर्डात देवनागरी अक्षरं नकोत. मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड बसवलेल्या मशीनवर लॉगिनच्या पडद्यावरही तोच कीबोर्ड चालू राहिलेला असू शकतो, आणि मग बरोबर पासवर्डही 'चूक' ठरतो. लोक घाबरून फॉरमॅट मारायला घेऊन येतात. पासवर्डाच्या चौकटीशेजारचा डोळा दाबून काय उमटतंय ते बघा, विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून कीबोर्ड बदला.

नवं खातं काढलं की त्यातून एकदा लॉगिन करा आणि एखादं सेटिंग बदलून बघा. ते चाललं, तरच पुढं जा. त्यानंतर जुन्या 'अ‍ॅडमिन' खात्याकडे वळायचं. ते पुसू नका! डेस्कटॉप, टॅलीची मांडणी, प्रिंटर, सगळं त्यात आहे. पासवर्डही दुसऱ्या खात्यातून बळेच टाकू नका, कारण तसं केलं की त्या खात्यात साठवलेले पासवर्ड आणि विंडोजनं कूटबद्ध केलेल्या फाइली हातच्या जाऊ शकतात. त्याच खात्यात बसून कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबा, 'चेंज अ पासवर्ड' निवडा, जुन्याची जागा रिकामी सोडा, नवा टाका. मग मालकाच्या खात्यात जाऊन त्याचा प्रकार 'स्टँडर्ड युजर' करा. काम करणाऱ्यांना रोजचंच खातं दिसेल, फक्त त्यातले अधिकार गेलेले असतील.

शेवटी जन्मजात खातं बंद. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा, 'नेट युजर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर', जागा, तिरपी रेघ, 'अ‍ॅक्टिव्ह', विसर्गासारखे दोन ठिपके, 'नो'. ते बंद केल्यावर कायमचं अडकायची भीती नको: मशीनवर एकही चालू स्थानिक अ‍ॅडमिन खातं उरलं नाही, तर सेफ मोडमध्ये विंडोज हे खातं स्वतः उघडते. पण म्हणूनच त्यालाही लांब पासवर्ड देऊनच बंद करा. एक्सपीच्या होम आवृत्तीत हे खातं रिकाम्या पासवर्डानिशी लपलेलं असायचं आणि सेफ मोडमधून कुणीही आत जायचं, ही जुनी युक्ती बाजारात अजून सगळ्यांना पाठ आहे. तिथंच 'नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' ही आज्ञा द्या. अ‍ॅडमिन अधिकार असलेल्या सगळ्या खात्यांची यादी येईल. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं, समजा 'सपोर्ट' किंवा 'टेस्ट', तर ते कुणाचं हे कळेपर्यंत बंद ठेवा.

एक खबरदारी: 'नेट युजर' आणि खात्याचं नाव दिल्यावर 'पासवर्ड रिक्वायर्ड: नो' असं दिसतं तेव्हा पासवर्ड नाहीच असा अर्थ होत नाही. रिकामा चालेल, एवढाच. खरी तपासणी लॉगिनच्या पडद्यावर नुसतं एंटर दाबून होते.

आता टॅलीचं शेअरिंग परत बसवू, यावेळी नीट. मागच्या खोलीतल्या मशीनवर दोन साधी खाती काढा, एक मुनीमकाकांच्या मशीनसाठी, एक काउंटरसाठी, दोन्हींना पासवर्ड. ही फक्त नेटवर्कवरून येण्यासाठी; तिथं बसून कुणी वापरणार नाही. डेटाच्या फोल्डरवरून 'एव्हरीवन' काढा आणि या दोन खात्यांना लिहायचा अधिकार द्या. शेअरिंगच्या यादीत आणि सिक्युरिटीच्या यादीत, दोन्हीकडे; एकीकडेच दिला की अडतं. मग दुसऱ्या दोन मशीनवर, रोजच्या खात्यात बसून, 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये मागच्या मशीनचं नाव, खातं आणि पासवर्ड साठवा. एकदाच. त्यानंतर मुनीमकाकांना तो पासवर्ड कधी दिसणारही नाही. फोल्डर उघडतं, बिल निघतं, काउंटरवरून डॉट मॅट्रिक्सवर पट्टी छापली जाते, हे सगळं बघून झाल्यावरच 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' चालू करा, ती सुरक्षा पॉलिसी 'एनेबल्ड' करा, विंडोज 11 वरची गेस्टची आणि सहीची बंधनं परत घाला. हे आधी केलंत तर रविवारची संध्याकाळ फोनवर जाईल. राउटरवर गेस्ट वायफाय वेगळं काढा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच द्या.

काही गोष्टी अडतील, त्या सांगून ठेवतो. टॅलीचा डेटा 'प्रोग्राम फाइल्स'च्या आत असेल तर साध्या खात्यातून त्यात लिहिता येणार नाही. तो डी ड्राइव्हवर हलवा. आपोआप बॅकअपचं काम टास्क शेड्यूलरमध्ये जुन्या खात्यानं लावलेलं असेल तर त्यात नवा पासवर्ड भरावा लागेल. आणि जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर एमसाइनर हे सॉफ्टवेअर 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नंच चालवावं लागतं, म्हणजे रिटर्न भरताना मालकानं येऊन पासवर्ड टाकायचा. कंपनी किंवा एलएलपी नसाल तर मोबाइलवरच्या ओटीपीनं काम होतं, टोकनच्या फंदात पडायची गरज नाही.

हे सगळं करूनही काय वाचत नाही तेही समजून घ्या. साध्या खात्यातून शिरलेलं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करू शकत नाही, विंडोजनं ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती पुसू शकत नाही, पण त्या खात्याला टॅलीच्या फोल्डरमध्ये लिहायचा अधिकार आहे, तेव्हा टॅलीचा डेटा ते नक्की बिघडवू शकतं. त्यावर औषध एकच, सोडवून ठेवलेला बॅकअप. दुसरं, विंडोजचा पासवर्ड डिस्कला कुलूप लावत नाही. कॉम्प्युटर हातात असणारा माणूस पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करून फाइली उचलू शकतो. त्यासाठी डिस्क कूटबद्ध करावी लागते, प्रो आवृत्तीत बिटलॉकरनं.

इथं तुमच्या नव्या विंडोज 11 बद्दल एक गोष्ट आजच बघा. 24एच2 नव्यानं बसवताना मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन इन केलं की डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि 48 आकड्यांची रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. सेटअप करणाऱ्यानं घाईत स्वतःचाच जीमेल टाकून खातं जोडलं असेल, तर तुमच्या डिस्कची किल्ली त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे. उद्या मदरबोर्ड बदलला आणि विंडोजनं ती की मागितली, तर त्यालाच शोधत फिरावं लागेल. बिटलॉकरच्या खिडकीतून की छापून घ्या, पाकिटात टाका.

कॉम्प्युटरवाल्याशी भांडू नका, पण व्यवहार बदला. दुरुस्तीला आला की पासवर्ड सांगायचा नाही, स्वतः येऊन टाकायचा. मशीन दुकानाबाहेर न्यायचंच असेल तर त्याच्यासाठी तात्पुरतं अ‍ॅडमिन खातं काढा, परत आल्यावर पुसा. एनीडेस्क किंवा दुरून कॉम्प्युटर चालवायचं तसलं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर त्यात 'अनअटेंडेड अ‍ॅक्सेस'चा पासवर्ड कुणी लावून ठेवलाय का ते उघडून बघा. लावला असेल तर काढा. रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट राउटरवरून बाहेर उघडलेलं असेल तर तेही बंद. विंडोज 'टाकताना' बिनपरवाना विंडोज चालू करून देणारा अ‍ॅक्टिव्हेटर चालवला असेल तर डिफेंडरच्या 'एक्सक्लूजन्स'मध्ये कुठली फोल्डरं वगळून ठेवलीत तेही पाहा.

काट्यावरच्या विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 पासून अपडेट नाहीत. काट्याचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नसेल तर राहू द्या, पण नेटवर्कची तार काढा. वजनाच्या पावत्या तिथंच छापा. आणि पासवर्ड तिथंही टाका. वजनाची नोंद बदलणारा माणूस इंटरनेटवरून येत नाही, काट्याच्या खोलीत येतो. विंडोज 10 ची मुदतही 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, तेव्हा डेटावालं मशीन पुढच्या हंगामाआधी बदलायचं मनावर घ्या.

राहिले मुनीमकाका. त्यांच्या खात्याला आता पासवर्ड आहे, म्हणून त्यावर पिन लावता येईल. विंडोजमध्ये आधी पासवर्ड असल्याशिवाय पिन लागत नाही. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'साइन-इन ऑप्शन्स'. सहा आकडे, त्यांना लक्षात राहतील असे, फक्त जन्मतारीख आणि मोबाइल नंबर सोडून. हा पिन त्या एकाच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून त्याचा काही उपयोग नाही, आणि वारंवार चुकला तर विंडोज थांबवते. चहाला उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबायला शिकवा. ते विसरतीलच, म्हणून दहा मिनिटांनी आपोआप कुलूप लागेल असं ठेवा. पिन विसरले तर त्यांच्या खात्याचा पासवर्ड टाकून आत जाता येतं आणि नवा पिन लावता येतो. टॅलीतही त्यांच्या नावाचा वेगळा वापरकर्ता काढा, म्हणजे कुठली पट्टी कुणी बदलली ते कळेल. आणि त्यांनी तो पिन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, जे ते लिहिणारच, तर रागावू नका. त्या खात्यात आता अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत. कॅलेंडर फक्त काउंटरच्या कॅमेऱ्यासमोरून हलवून आतल्या भिंतीला लावा.